अर्धवट राहिलेला बदल

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज जे झालं ते आजच लिहून ठेवते. उद्यापासून प्रत्येक जण ते आपापल्या सोयीने आठवणार आहे.

प्रयोगशाळेत एखाद्या पेशंटचा निकाल धोक्याच्या पलीकडे गेला की आमचा सर्व्हर त्या वॉर्डाच्या ड्यूटीच्या फोनवर लगेच निरोप धाडतो. हॉस्पिटलात त्याला सगळे 'लाल निकाल' म्हणतात. आज दुपारी एक चाळीसला तीन नंबर वॉर्डातल्या एका बाईंचा लाल निकाल निघाला. पोटॅशियम भलतंच वाढलेलं. निरोप वॉर्डात पोचलाच नाही. साडेपाचला राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी सहज स्क्रीन पाहिली तेव्हा कळलं, आणि तोवर बाईंचं हृदय अडखळायला लागलं होतं. आता त्या अतिदक्षता विभागात आहेत. वय बावन्न, शिवणकाम करतात.

निरोप गेला कुठे, तर आमच्याच सर्व्हर रूमच्या कपाटात पडलेल्या चाचणीच्या फोनवर. तो फोन कित्येक महिने कुणी चार्जसुद्धा केलेला नाही. हे निरोप धाडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे आमच्या भाषेत 'सेवे'च्या, सेटिंगमध्ये सगळ्या वॉर्डांच्या नंबरांच्या जागी तो एकटा नंबर बसला होता. मी पाच मिनिटांत पूर्ववत केलं. त्याचं कौतुक आज कुणाला असणार.

सकाळी अकरा पन्नासला त्या सेवेला मास्तरांनी हात लावला होता. त्याआधीचे सगळे निरोप बरोबर गेलेत, नंतरचा एकही नाही. आता यात शोधायचं ते काय राहिलं?

मास्तर म्हणजे आमच्या विभागातले करारावरचे गृहस्थ. शाळेत गणित शिकवायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी शाळा सोडून संगणकाचा कोर्स केला आणि चौदा महिन्यांपूर्वी इथे आले. माणूस सरळ आहे, पण काम बघवत नाही. कमांड आधी वहीत लिहायची, मग बोट ठेवून एकेक अक्षर वाचायचं, मग टाइप करायचं, आणि एंटर दाबण्याआधी खुर्चीत सरसावून बसायचं. तेवढ्यात माझं जेवण उरकतं.

"मॅडम, मी लॉगची पातळी तेवढी बदलली. नंबरांना हातच लावला नाही," असं ते दोनदा म्हणाले. लॉगची पातळी म्हणजे सेवेने आपल्या नोंदी किती तपशिलात ठेवायच्या ते. चेहरा पांढराफटक. लोक असं म्हणतातच.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

साहेबांनी चौकशी समिती नेमली. ते स्वतः, प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई आणि मी. अहवाल लिहायचा मी, कारण सर्व्हर कळतो तो मलाच. मुदत १४ मार्च.

मास्तरांचे सर्व्हरवरचे अधिकार मी सकाळीच काढून घेतले. आता ते मागच्या खोलीत केबलींना लेबलं लावत बसलेत. त्यांचा करार ३१ मार्चला संपतो. अहवालात त्यांचं नाव आलं तर तो पुढे वाढणार नाही हे उघड आहे, आणि असला शेरा घेऊन पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? वाईट वाटतं. पण तिकडे अतिदक्षतेत एक बाई पडल्यात, त्यांचंही वाईट वाटायला हवं ना.

कसं झालं असेल ते मला साधारण दिसतंय. सेवांचं सेटिंग कसं बदलायचं याची माहितीपुस्तिका मीच लिहिली आहे. त्यातल्या उदाहरणात मी चाचणीचाच नंबर दिलाय. मास्तरांनी उदाहरणातली ओळ वहीत उतरवली असणार, वहीतून मशीनवर. पुस्तिकेतलं उदाहरण जसंच्या तसं छापणारे लोक जगात कमी नाहीत.

नवरा महिनाभर साइटवर गेलाय. फोनवर त्याला म्हटलं, ऑफिसात जरा कटकट आहे. सासूबाईंनाही तेवढंच सांगितलं.

मंगळवार, ४ मार्च

मास्तरांचा जबाब घेतला. जबाब म्हणजे मी विचारायचं आणि त्यांनी वही उघडून उत्तर द्यायचं.

अडचण अशी आहे की सेटिंग बदलायचं ते साधन एकदा उघडलं की आत जे टाइप होतं त्याची नोंद कुठेच राहत नाही. बाहेरच्या नोंदीत एवढंच दिसतं: मास्तरांनी साधन उघडलं, तीन मिनिटांनी बंद केलं आणि सेवेला रिफ्रेश दिला. आत काय केलं, याला त्यांचा शब्द आणि त्यांची वही एवढाच पुरावा.

"पुस्तिकेत नियम आहे, मॅडम. बदल केला की लगेच रिफ्रेश द्यायचा. तुम्हीच लिहिलाय. मी तसंच केलं."

"रिफ्रेश दिलात ते बरोबरच आहे. त्याआधी काय बदललंत ते विचारतेय."

"लॉगची पातळी." मग म्हणाले, "मॅडम, तो नंबर आधीपासूनच तिथे असेल तर?"

मला राग आला. "आधीपासून असता तर आधीपासूनच निरोप कपाटात गेले असते, मास्तर. बुधवारी चार निरोप बरोबर वॉर्डांत पोचलेत."

ते वहीकडे वळले. वहीची पानं मागे उलटत गेले, बरीच मागे, आणि एका पानावर थांबले. वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग वही मिटून म्हणाले, "बरं."

म्हटलं ना, माणूस सरळ आहे. कोंडीत सापडला की गप्प बसतो, वाद घालत नाही.

घरी आल्यावर त्यांच्या त्या प्रश्नाचा पुन्हा विचार केला, उगाच आपल्या मनात किंतू नको म्हणून. ऑक्टोबरमध्ये वीज गेली होती तेव्हा अख्खं मशीन बंद करून चालू केलं होतं. काही जुनं दडून बसलेलं असतं तर तेव्हाच बाहेर आलं असतं. प्रश्न मिटला.

गुरुवार, ६ मार्च

बाई शुद्धीवर आल्या. डायलिसिस चालू आहे. मूत्रपिंडं पूर्ण सावरतील की नाही हे अजून कुणी सांगत नाही.

त्यांचा नवरा जिन्याखालच्या बाकावर बसलेला असतो. लाँड्रीत इस्त्रीचं काम करतो, हातावर जुने चटके आहेत. आज मला थांबवून म्हणाला, "मॅडम, तुम्ही चौकशी करताय ना? निदान तुम्ही तरी शोधताय. बाकी सगळे नुसतं 'बघू' म्हणतात." मी म्हटलं, नक्की शोधू. जिना चढताना बरं वाटत होतं.

शुक्रवार, ७ मार्च

डॉक्टरीणबाईंना सगळं समजावून सांगायची पाळी माझी होती. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही आणि तसं त्या बिनधास्त सांगतात.

मी म्हटलं, प्रत्येक सेवेच्या दोन याद्या असतात असं समजा. एक लिहायची, एक चालायची. कमांड देऊन आपण किंमत बदलतो ती लिहायच्या यादीत. सेवा मात्र चालायच्या यादीवर चालत राहते, तिला नव्याचा पत्ताच नसतो. रिफ्रेश म्हटलं की लिहायची यादी उचलून चालायच्या यादीवर उतरवली जाते. मग सेवा शहाणी होते.

"म्हणजे मी फाइलमध्ये औषध बदललं, पण सिस्टरना सांगितलं नाही, तर त्या जुनंच देत राहणार."

"अगदी तसंच."

"आणि दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरने त्याच फाइलमध्ये नुसता आहार बदलला आणि सिस्टरना म्हटलं, फाइल नव्याने वाचा. मग?"

"मग त्या दोन्ही वाचतील."

"हां. आणि आहार बदलणाऱ्याला वाटेल, औषधाला तर मी हातच लावला नाही!" त्या स्वतःच्याच उदाहरणावर खूश होऊन हसल्या आणि चहा मागवायला उठल्या.

मला तो चहा गेला नाही. हेच तर मास्तर मंगळवारी विचारत होते. आणि मशीन बंद-चालू केल्याने लिहायची यादी उतरत नाही, फक्त रिफ्रेशने उतरते. हे मला चांगलं ठाऊक आहे. पुस्तिकेच्या चौथ्या पानावर मीच ठळक अक्षरांत लिहिलंय. मग मंगळवारी संध्याकाळी मी स्वतःला ऑक्टोबरची गोष्ट कशी काय सांगितली?

ही सेवा बसवून झाल्यापासून तिला कुणी रिफ्रेश दिलाच नव्हता, कारण सगळं सुरळीत होतं. मास्तरांनी पहिला दिला.

उद्या सुट्टी असली तरी जाऊन जुन्या प्रती बघते. बहुतेक सेवा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने काहीतरी अर्धवट ठेवलं असेल.

शनिवार, ८ मार्च

दर शनिवारी सगळ्या सेवांच्या लिहायच्या यादीची प्रत आपोआप काढून ठेवली जाते. ही व्यवस्था मीच लावली होती. सगळ्या प्रती ओळीने असताना शोध सोपा असतो. मधली उघडायची. नंबर चाचणीचा असेल तर आणखी मागे जायचं, वॉर्डांचे असतील तर पुढे यायचं.

सप्टेंबरची उघडली. चाचणीचा नंबर. म्हणजे मास्तर सुटले, हे त्याच क्षणी नक्की झालं. त्यांना लिहिण्याचे अधिकारच ऑगस्टअखेर मिळाले आणि पहिले कित्येक आठवडे त्यांनी नुसत्या याद्या वाचल्या. मला खरोखर आनंद झाला. उठून खिडकी उघडली.

मेची उघडली. वॉर्डांचे नंबर. जुलै, चाचणीचा. मग ८ जून, वॉर्डांचे. १५ जून, चाचणीचा.

कंपनीचा माणूस एप्रिलमध्येच काम संपवून गेला होता. जूनमध्ये त्या मशीनवर लिहिण्याचे अधिकार एकाच माणसाला होते.

तरी मी पंधरा मिनिटं दुसरं काहीतरी असेल म्हणून शोधत बसले. मग घरी येऊन मागच्या वर्षीची डायरी काढली. बुधवार, १२ जून. माझंच अक्षर: "दुपारी लाल निकालाची चाचणी घ्यायला बसले तोच शाळेतून फोन. ठमी जिन्यावरून पडली, उजवा हात मोडला. सगळं टाकून पळाले. प्लेट घालावी लागणार." मग चार दिवस नुसतं हॉस्पिटल, ठमी, सासूबाईंचं रडणं. सोमवारी कामावर गेल्यावर चाचणी दुसऱ्या मशीनवर उरकली, आणि खऱ्या मशीनवर यादीत नंबर घालून ठेवलाय हे डोक्यातून साफ पुसलं गेलं. रिफ्रेश द्यायच्या आधीच उठले होते, म्हणून साडेआठ महिने कुणाचं काही बिघडलं नाही.

म्हणजे मी. दुसरं कुणी नाही.

ठमी आत्ता पलीकडे बसून भूमितीची आकृती काढतेय. हात छान चालतो आता.

रविवार, ९ मार्च

दिवसभर कपाटं आवरली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाहुणे यायचेत का कुणी?"

सांगायचं तर आहेच. पण नीट सांगायला हवं. ८ आणि १५ जूनच्या प्रती ओळीवार ताडून, तक्ता करून. उगाच भावनेच्या भरात काही बोलून टाकण्यात अर्थ नाही. आई झाल्यावर कुठलीही बाई तशीच पळाली असती, हेही त्यात यायला हवं. की नको?

सोमवार, १० मार्च

मास्तरांसाठी चहा घेऊन गेले. ते जमिनीवर बसून लेबलं चिकटवत होते. वेगवेगळ्या रंगांची, सुरेख अक्षरातली. मी म्हटलं, खुर्ची का घेत नाही? माझ्या खोलीतली गादीची खुर्ची त्यांना आणून दिली. घरची चौकशी केली. वडील असतात म्हणे त्यांच्याकडे, आणि बायको. "वडील रोज विचारतात, ती बाई कशी आहे. आमच्या गल्लीतलंच कुणीतरी लाँड्रीत कामाला आहे, तिथून कळलं सगळ्यांना." चहा घेताना माझ्याकडे बघत होते. बिचाऱ्याला बरं वाटलं असेल, कुणीतरी आपुलकीने विचारलं म्हणून.

अहवालाचं मुख्य वाक्य जमलं: 'सेवेच्या यादीत पूर्वी केव्हातरी केला गेलेला एक बदल अमलात न येता राहिला होता, व तो दि. २७ रोजी इतर कारणाने दिलेल्या रिफ्रेशमुळे अमलात आला.' यातला शब्द न् शब्द खरा आहे. मास्तरांवर ठपका येत नाही. कुणावरच येत नाही. चारदा वाचलं, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

मंगळवार, ११ मार्च

साहेब दिवसभर मीटिंगमध्ये. बोलायला सवडच झाली नाही. एकदा दाराशी गेले होते, पण आत दोन माणसं बसलेली.

जिन्याखालून जायचं टाळायला मालाची लिफ्ट वापरली.

बुधवार, १२ मार्च

साहेबांनी मसुदा वाचला. "छान लिहिलंय," म्हणाले, "पण 'केव्हातरी' म्हणजे कधी, आणि 'केला गेला' म्हणजे कुणी? वरचे लोक हेच विचारणार. त्यांना नाव लागतं. बाईंच्या घरच्यांना काहीतरी सांगावं लागेल ना?"

मी म्हटलं, "नोंद उपलब्ध नाही असं लिहिता येईल."

"मग मास्तरांचंच येईल. हात तर त्यांचाच लागला होता. असंही करार संपतोय, गवगवा होणार नाही. उद्या अकराला बसू आणि संपवू."

मी "बरं" म्हटलं. हे इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण म्हटलं. खोलीबाहेर येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट होती: म्हणजे मला काहीच करावं लागणार नाही. नुसतं गप्प बसायचं. इतकं सोपं.

संध्याकाळी मास्तर निघताना म्हणाले, "उद्या अहवाल आहे म्हणे." मी म्हटलं, हो. "मी येऊन बसू का?" मी म्हटलं, गरज नाही. "बरं," म्हणाले आणि रंगीत लेबलांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेले. सगळ्या केबली झाल्या होत्या. तीनशे अठरा.

आज जेवण गेलं नाही. मी वाईट बाई आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. हुशार आहे, तोंडाने फटकळ आहे, पण वाईट नाही, असं माझं माझ्याविषयी मत होतं. ते मत मी कशाच्या जोरावर बाळगून होते कोण जाणे.

गुरुवार, १३ मार्च

अकराला बसलो. साहेबांनी लेखणी काढून 'केला गेलेला' खोडलं आणि वर मास्तरांचं नाव लिहायला घेतलं. पहिलं अक्षर लिहून झालं होतं.

मी म्हटलं, "तो बदल मी केलाय. बारा जूनला. ही आठ आणि पंधरा जूनची प्रत."

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतले आणि चष्मा लावून ओळीवर ओळ ताडून पाहिली. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही आत्ता काही बोलला नाहीत असं मी समजतो. तुमच्याशिवाय हा विभाग चालणार आहे का? जरा विचार करा."

"विचार शनिवारपासून करतेय. तोच तर चुकला."

ते आणखी बरंच बोलले. माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीचं, बढतीचं. मी म्हटलं, तुम्ही दुसरं काही लिहिलंत तर मी सही करणार नाही, आणि हे कागद बाकावर बसलेल्या त्या गृहस्थांना नेऊन देईन. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "मी हिच्या कागदावर सही करते. द्या इकडे."

अहवाल माझ्या नावाने गेला. चौकशी आता माझी होईल. अधिकार संध्याकाळी काढून घेतले. मास्तरांचा करार वाढवायचा असं साहेबांनी तोंड वाकडं करून लिहून दिलं. आता सर्व्हर सांभाळायला दुसरं आहे कोण?

मग मागच्या खोलीत गेले. मास्तर खिडकीशी उभे होते. मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, एका दमात. वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. १२ जूनचं पान. त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात: 'मॅडम चाचणीचा नंबर यादीत घालून दाखवत होत्या. फोन आला, गेल्या. रिफ्रेश राहिला. आल्यावर विचारणे.' त्यापुढे कसलीच खूण नव्हती. ते शेजारी बसले होते त्या दिवशी. माझ्या डायरीत त्यांचं नावसुद्धा नाही.

"हे मला मागच्या मंगळवारी सापडलं. तुमच्यासमोरच," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. नंबर आधीपासून असेल तर, असं विचारलं. तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी वही मिटली. "आणि वही माझी, अक्षर माझं, अहवाल तुमच्या हातात. कुणी मानलं असतं? म्हटलं, तुम्हाला सापडेलच. तुमचं काम चोख असतं. शनिवारी सापडलं ना?"

"शनिवारी सापडलं हे कसं कळलं?"

"शनिवारी सुट्टी असून तुम्ही येऊन गेलात, आणि सोमवारी चहा घेऊन आलात. चौदा महिन्यांत पहिल्यांदा." आवाज चढला नाही, तरी मला मान वर करवेना. "वर्गात काच फुटली की दुसऱ्या दिवशी फळा पुसायला एक मुलगा आपणहून पुढे येतो, मॅडम. मी वीस वर्षं पाहिलंय ते. मी फक्त मोजत होतो, किती दिवस लागतात. आज सहावा."

मी माफी मागितली. ते "हं" म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते म्हणावेत अशी फार इच्छा होती.

"माझी चूकही लिहा," थोड्या वेळाने म्हणाले. "तुम्हाला विचारायचं मी विसरलो. आणि रिफ्रेश देण्याआधी दोन्ही याद्या ताडून पाहायला हव्या होत्या."

"ते पुस्तिकेत नाही."

"मग घाला."

निघताना त्यांनी एक गोष्ट मागितली. "घरी एक फोन करा. शाळा सोडू नको म्हणून वडील हात जोडून सांगत होते मला. दोन आठवडे ते माझ्या हातचं पाणी घेताना माझ्या तोंडाकडे बघतात. मी सांगून त्यांना पटणार नाही. मुलगा आपली कातडी वाचवतोय असंच वाटेल. तुम्ही सांगा."

सातला घरून फोन लावला, माझ्या खोलीचं दार लोटून घेऊन. त्यांच्या बायकोने उचलला. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थांबा, मामंजींना देते. पण त्यांना कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने बोला, आणि पहिल्यापासून सांगा."

"नमस्कार. मी हॉस्पिटलातून बोलतेय. त्या बाईंना जे झालं त्यात तुमच्या मुलाची चूक नव्हती."

"काय?"

"चूक तुमच्या मुलाची नव्हती!"

"मग कुणाची?"

"माझी!"

"कुणाची म्हणालात?"

"माझी! मी बदल अर्धवट ठेवला, मी विसरले आणि कळल्यावरही पाच दिवस बोलले नाही! चूक माझी आहे!"

तिकडे म्हातारा जोरजोरात श्वास घेत होता. मग सुनेला म्हणाला, "बोलव त्याला. त्याच्यासमोर परत सांगायला सांग."

बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद झाला होता. दार थोडं उघडं होतं आणि फटीत सासूबाई आणि ठमी दोघी उभ्या होत्या. मास्तर फोनवर आले, नुसतं "हं, मॅडम," म्हणाले. मी दार लावायला उठले नाही. पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं.